चिमणीतला कार्बन वेगळा काढायला किती वीज जाते?

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्योटोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलेचे ओमर याघी यांना जाहीर झालं, तेव्हा बहुतेक बातम्यांमध्ये एक वाक्य होतं: यांनी शोधलेल्या पदार्थांमुळे कार्बन डायऑक्साइड पकडता येईल. वाचणाऱ्याचा समज असा होतो की आजवर तो पकडता येत नव्हता. प्रत्यक्षात १९३० च्या दशकापासून कारखाने हा वायू मिश्रणातून वेगळा काढत आले आहेत. अडलंय ते खर्चापाशी, आणि त्यातही सगळ्यात मोठा खर्च ऊर्जेचा आहे. कोळसा जाळून वीज करायची आणि त्याच विजेचा मोठा हिस्सा धूर साफ करण्यात घालवायचा, हा व्यवहार कुठल्या वीज केंद्राला परवडेल? म्हणून या विषयावरची कुठलीही घोषणा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: एक टन वायू वेगळा काढायला ऊर्जा किती लागते?

वेगळं करायला ऊर्जा मुळात का लागते?

वायू एकमेकांत आपोआप मिसळतात, आपोआप वेगळे होत नाहीत. मिसळलेलं पुन्हा वेगळं करायचं तर काम करावं लागतं, आणि ते काम किती हे मिश्रणात आपल्याला हवी असलेली गोष्ट किती दाट आहे यावर ठरतं. धान्य निवडायला बसलेल्या कुणालाही हे माहीत आहे. ताटात दर आठ दाण्यांमागे एक खडा असेल तर हात भराभर चालतो. दर अडीच हजार दाण्यांमागे एक असेल तर त्या एका खड्यासाठी सगळं धान्य डोळ्यांखालून घालावं लागतं.

हे आकडे उगाच घेतलेले नाहीत. कोळशावरच्या वीज केंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो १२ ते १५ टक्के, म्हणजे सात-आठ रेणूंमागे एक. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या केंद्राच्या धुरात जेमतेम ४ टक्के. सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या वायूत २० ते ३० टक्के. आणि आपण श्वास घेतो त्या हवेत ०.०४ टक्के, म्हणजे सुमारे अडीच हजार रेणूंमागे एक. एक टन कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर कोळशाचा धूर साधारण साडेचार हजार घनमीटर लागतो. तोच मोकळ्या हवेतून काढायचा तर किमान १३ लाख घनमीटर हवा पंख्यांनी ओढून घ्यावी लागते, तीही आतला प्रत्येक रेणू हाती लागला तर. हवेतून थेट कार्बन काढणाऱ्या यंत्रांच्या बातम्या फार आकर्षक असतात, पण हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच त्या वाचाव्यात.

धुरातला उरलेला भाग मुख्यतः नायट्रोजन. म्हणजे खरी कामगिरी आहे नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची ताटातूट करण्याची. आकाराने हे दोन रेणू जवळपास सारखे: एक ०.३६ नॅनोमीटरचा, दुसरा ०.३३ चा. फक्त आकाराच्या भरवशावर त्यांना वेगळं करणं अवघड आहे. त्यामुळे सगळ्या पद्धती रेणूंच्या स्वभावातला फरक वापरतात. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनतो, काही पृष्ठभागांना चटकन चिकटतो. नायट्रोजन बराच अलिप्त राहतो.

हिशेब एका युनिटचा

आपल्याकडच्या कोळशाच्या केंद्रात विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला नव्वद टक्के पकडायचा आणि पाइपमधून नेता येईल इतका, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दीडशे पट, दाबायचा असं समजू. निसर्गनियमांनुसार या कामाला कमीत कमी किती ऊर्जा लागेल हे गणिताने काढता येतं: टनामागे सुमारे ११० युनिट. याच्या खाली कुणीही, कितीही हुशार यंत्र बनवलं तरी, जाऊ शकत नाही. युनिटमागे धरलं तर दहा टक्के वीज.

प्रत्यक्षात आजच्या चांगल्या संयंत्रांत टनामागे लागते २५० ते ३०० युनिट. म्हणजे चार युनिट वीज बनली की त्यातलं जवळपास एक युनिट धूर साफ करण्यातच जातं. या दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे, तेच या साऱ्या संशोधनाचं कार्यक्षेत्र. दहा टक्क्यांपर्यंत कुणी पोचणार नाही, पण पंचवीसवरून पंधरावर आलं तरी कोट्यवधी टन कोळसा वाचतो.

आज चालणारी पद्धत: अमाइनचं द्रावण

अमाइन म्हणजे अमोनियाच्या कुळातली संयुगं. आम्लवायू दिसला की त्याला धरून ठेवतात. धूर थंड करून उंच मनोऱ्यात खालून सोडतात, वरून अमाइनचं द्रावण झिरपत येतं. ४० ते ६० अंशांना कार्बन डायऑक्साइड द्रावणात अडकतो, नायट्रोजन वरून निघून जातो. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन १२० अंशांपर्यंत तापवतात. पकड सुटते, शुद्ध वायू बाहेर येतो आणि द्रावण पुन्हा पहिल्या मनोऱ्याकडे.

पद्धत भरवशाची आहे. मेख आहे ती तापवण्यात. नेहमीच्या द्रावणात अमाइन ३० टक्के आणि पाणी ७० टक्के. मनोऱ्यात ज्या पाण्याचं प्रत्यक्ष काही काम नाही ते सगळं दर फेरीला तापवायचं, त्यातलं थोडं वाफ होऊन जातं, तीही उष्णता गेली. शिवाय अमाइनने वायू इतका घट्ट धरलेला असतो की तो सोडवायलाच बरीच ऊर्जा लागते. पारंपरिक द्रावणात टनामागे साडेतीन ते चार गिगाजूल उष्णता लागते. घरगुती गॅसच्या भाषेत सांगायचं तर एक टन वायू सोडवायला सुमारे साडेपाच ते सहा सिलिंडर. ही उष्णता टर्बाइनकडे जाणारी वाफ मधूनच वळवून मिळवतात. वीज घटते ती इथे.

टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पात २०१७ पासून कोळशाच्या धुरातून वर्षाला १४ लाख टन पकडण्याची सोय केली होती. तिथे मूळ केंद्राची वाफ न वापरता या कामासाठी गॅसवरचं वेगळं वीज-उष्णता केंद्र बांधावं लागलं. एका चिमणीसाठी दुसरी चिमणी! पकडलेला वायू तेलविहिरीत सोडून जास्त तेल काढायचं, यावर त्याचा जमाखर्च बसवला होता. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि प्रकल्प तीन वर्षांहून अधिक काळ बंद पडला. ऊर्जेचा बोजा मोठा असला की प्रकल्प असा दुसऱ्याच कशावर तरी टेकून उभा राहतो.

नवी द्रावणं आली आहेत, त्यांनी उष्णता अडीच गिगाजूलच्या आसपास आणली. आयआयटी खरगपूरच्या माजी विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या कार्बन क्लीन कंपनीचं द्रावण तमिळनाडूतल्या थुथुकुडीच्या रसायन कारखान्यात २०१६ पासून वापरात आलं. बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६० हजार टन वायू काढून त्याचा धुण्याचा सोडा बनवायचा, अशी ती योजना. जमशेदपूरला टाटा स्टीलने २०२१ मध्ये झोतभट्टीच्या वायूवर रोज पाच टनांचं संयंत्र बसवलं, तेही याच कंपनीच्या तंत्राचं.

ऑक्सिजन प्लांट आठवतोय?

तापवण्याची कटकट टाळायची तर पाणीच नको, असा विचार पुढे येतो. द्रावणाऐवजी सच्छिद्र घन पदार्थ घ्यायचा. वायू त्याच्या छिद्रांत चिकटतो, दाब कमी केला किंवा थोडी ऊब दिली की सुटतो. हे तंत्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जिल्हा रुग्णालयांच्या आवारात जे पीएसए ऑक्सिजन प्लांट उभे राहिले, ते हेच. दोन उभ्या टाक्या, आत झिओलाइट नावाच्या खनिजाचे मण्यांसारखे दाणे. दाबाखालची हवा एका टाकीत शिरते, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे वॉर्डाकडे जातो. तेवढ्यात दुसऱ्या टाकीचा दाब सोडलेला असतो, तिच्यातला नायट्रोजन फुस्स करून बाहेर पडतो. थोड्या वेळाने अदलाबदल. त्या आवारात उभं राहिलेल्या प्रत्येकाने तो आवाज ऐकला असेल.

एप्रिल २०२१ मध्ये आयआयटी मुंबईने एक लक्षात राहण्यासारखं काम केलं. कारखान्यांत नायट्रोजन बनवणारी अशीच संयंत्रं असतात, त्यांच्यात कार्बनचे दाणे असतात. ते काढून झिओलाइटचे दाणे भरले आणि जोडणीत काही बदल केले, तर तेच संयंत्र ९३ ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन देऊ लागलं. टाक्या त्याच, कॉम्प्रेसर तोच. कुठला वायू वेगळा होणार हे आतले दाणे ठरवतात. पदार्थ शोधण्याला इतकं महत्त्व का, हे यातून कळतं.

मग कार्बन डायऑक्साइडसाठी झिओलाइटच का वापरत नाहीत? ते तो वायू नायट्रोजनपेक्षाही छान धरतं. पण पाण्याची वाफ त्याहून घट्ट धरतं. रुग्णालयात हवा आधी कोरडी करून घेता येते. चिमणीचा धूर दमट आणि प्रचंड. तो सगळा कोरडा करायचा तर वाचवलेली ऊर्जा तिथेच जाणार.

नोबेलवाल्या पदार्थांची कामगिरी

तिघांना नोबेल मिळालं ते धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी, इंग्रजी आद्याक्षरांनी एमओएफ. धातूचे अणू सांध्यांवर आणि सेंद्रिय रेणू त्यांना जोडणाऱ्या दांड्या, अशी नियमित त्रिमितीय रचना. आत पोकळीच पोकळी. एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजारो चौरस मीटर भरू शकतो. धातू बदला, दांडी बदला, पोकळीचा आकार आणि स्वभाव बदलतो. झिओलाइट बहुतांशी जसं बनतं तसं घ्यावं लागतं. इथे कामाला हवा तसा पदार्थ बेतता येतो.

प्रयोगशाळेत असे हजारो पदार्थ बनले. बहुतेकांना पाण्याची वाफ सोसत नाही, किंवा ते किलोने बनवायला महाग पडतात. म्हणून कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने केलेल्या काल्फ-२० या एमओएफचं मला विशेष वाटतं. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेट, सगळा साधा स्वस्त कच्चा माल. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत असली तरी तो पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडच पसंत करतो. आणि तो वायू घट्ट बांधून ठेवत नाही, नुसता चिकटवून ठेवतो. सोडवायला लागणारी उष्णता नेहमीच्या अमाइनच्या निम्म्याहून कमी. २०२१ मध्ये याचा शोधनिबंध आला तोवर स्वांटे कंपनीने ब्रिटिश कोलंबियातल्या एका सिमेंट कारखान्यात त्याची चाचणीही घेतली होती, रोज एक टनाच्या पातळीवर.

एक टन. आकडा छोटा आहे, पण खऱ्या भट्टीच्या खऱ्या धुरावरचा आहे. गंधक आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, धूळ, ओल यांच्यासह. बाटलीतल्या स्वच्छ वायूवर चाललेला पदार्थ चिमणीवर महिनाभरात निकामी होतो, हे या क्षेत्रात नेहमीचं. माझ्या मते एखाद्या पदार्थाची बातमी वाचताना ग्रॅममागे किती वायू धरला यापेक्षा तो कशावर तपासला आणि किती फेऱ्या टिकला हे आधी बघावं.

पडद्यातून गाळता येईल का?

तिसरा मार्ग पडद्याचा. काही पॉलिमरांचे अतिशय पातळ थर कार्बन डायऑक्साइडला नायट्रोजनपेक्षा वीस-पन्नास पट वेगाने पलीकडे जाऊ देतात. तापवणं नाही, रसायन नाही, फिरणारा द्रव नाही. पण वायू पडदा ओलांडतो तो दाबाच्या फरकामुळे, आणि चिमणीच्या धुराला दाबच नसतो. तो दाबायचा म्हटलं तर उरलेला ८५ टक्के बिनकामाचा वायूही, मुख्यतः नायट्रोजन, सोबत दाबावा लागतो. म्हणून अमेरिकेतल्या एमटीआर कंपनीने पलीकडच्या बाजूने ओढून घ्यायचं, आणि एका टप्प्यात बॉयलरकडे जाणारी ताजी हवाच पडद्याच्या पलीकडून फिरवायची अशी जोडणी केली. वायोमिंगमधल्या ड्राय फोर्क वीज केंद्रावर रोज १५० टनांचा प्रकल्प तिने हाती घेतला आहे.

पडद्यांची एक जुनी अडचण अशी की जो पडदा भरपूर वायू जाऊ देतो तो निवड नीट करत नाही, आणि जो काटेकोर निवड करतो तो वाट अडवतो. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर पडद्यांवर आणि सच्छिद्र पदार्थांवर बऱ्याच वर्षांपासून काम चालू आहे.

सुरुवात कुठून करायची?

इथे मला अगदी ठाम म्हणायचं आहे. आपण तंत्राची चर्चा खूप करतो आणि वायू कुठून घ्यायचा याची फार कमी. ऊर्जा वाचवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जिथे वायू आधीच दाट आहे तिथून सुरुवात करणं.

एनटीपीसीने मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात २०२२ मध्ये रोज २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारं संयंत्र सुरू केलं, त्यापासून मिथेनॉल बनवण्यासाठी. शिकण्यासाठी ते मोलाचं आहेच. पण ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे ११ हजार टन वायू सोडतो. वीस टन म्हणजे त्याची तीन मिनिटंही नाहीत.

आता साखरपट्ट्यात या. डिस्टिलरीच्या फर्मेंटरमध्ये यीस्ट साखरेचं इथेनॉल करतं तेव्हा जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरमागे पाऊण किलो. तो ओला असतो, पण पाणी काढलं की जवळजवळ शुद्ध. नायट्रोजनपासून वेगळं करण्याचा खर्च शून्य, उरतो तो फक्त वाळवण्याचा आणि दाबण्याचा. रोज एक लाख लिटर इथेनॉल बनवणारी डिस्टिलरी दिवसाला ७५ टन वायू सोडते, म्हणजे विंध्याचलच्या संयंत्राच्या पावणेचार पट. काही कारखाने तो बाटलीबंद करून शीतपेयांना आणि कोरड्या बर्फासाठी विकतात, बाकीच्यांचा हवेत जातो. हा वायू उसाने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे तो जमिनीखाली कायमचा बसवला तर हवेतला कार्बन खरोखर घटतो. प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून, बायोगॅस करणाऱ्या कारखान्यांचंही तसंच. बायोगॅसमधला ३५ ते ४५ टक्के कार्बन डायऑक्साइड काढल्याशिवाय गाडीत भरण्याजोगा गॅस होतच नाही. वेगळा तर तो आजही करतात, आणि मग सोडून देतात.

दुसरा क्रमांक सिमेंटचा. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा साठ टक्क्यांच्या घरात आहे. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला चार लाख टन पकडणारं संयंत्र सुरू झालं, तेही अमाइनचंच. पण उष्णता भट्टीची वाया जाणारी वापरली. चार लाख टन म्हणजे त्या कारखान्याचं निम्मं उत्सर्जन. निम्मंच का? वाया जाणारी उष्णता तेवढ्यालाच पुरत होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांची उष्णता किती आणि कुठे जाते, हा तिथला पहिला अभ्यास व्हायला हवा.

कोळशाला जीवदान देण्याचा हा बहाणा नाही का?

होऊ शकतो. म्हणूनच हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. चौथा हिस्सा वीज गमावून, भरीला मनोऱ्यांचं थंडावण्याचं पाणी वाढवून कोळसा चालू ठेवण्यापेक्षा ती वीज सूर्य-वाऱ्यापासून करणं बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतं. नवीन कोळसा केंद्राला केवळ कार्बन पकडण्याच्या आश्वासनावर परवानगी मागितली, तर ऊर्जेचा हिशेब मागावा. सिमेंट, पोलाद, खत यांना मात्र असा सोपा पर्याय आज नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने या मालावर कार्बनचं सीमाशुल्क लागू केलं आहे, तेव्हा निर्यातदारांच्या दृष्टीने हा रोकड प्रश्न झाला आहे.

झाडं लावली तर?

लावावीतच. पण ढोबळ मानाने एक झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो वायू शोषतं असं धरलं, तर वर भेटलेल्या ५०० मेगावॅटच्या एका संचासाठीच सोळा ते वीस कोटी झाडं लागतील. एकाने दुसऱ्याची जागा घेण्यातली ही गोष्ट नाही.

आणि पकडलेला वायू ठेवायचा कुठे?

उत्तर सागराखाली नॉर्वे ब्रेविकचा वायू अडीच किलोमीटरहून खोल खडकात सोडतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटर गावी इथेनॉलच्या कारखान्यातला वायू २०११ पासून खोल वालुकाश्मात सोडला जात होता. पहिल्या तीन वर्षांत दहा लाख टन. २०२४ मध्ये तिथल्या एका निरीक्षण विहिरीत गळती सापडून काम थांबवावं लागलं. देखरेख ही कायमची जबाबदारी आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. बेसॉल्टमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी कार्बन डायऑक्साइडची प्रक्रिया होऊन त्याचा दगड बनतो. आइसलंडमध्ये पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्के दोन वर्षांच्या आत खनिज झाल्याचं २०१६ मध्ये दिसलं. पण त्या पद्धतीत टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं, आणि मराठवाड्यात ते मागायला कुणी धजावणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, वलूला इथे, आपल्यासारख्याच लाव्हाच्या बेसॉल्टमध्ये सुमारे एक हजार टन वायू पाण्याशिवाय, नुसता दाबून सोडला. नंतर काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटची खनिजं सापडली. आपल्या बेसॉल्टचे थर, त्यांच्यातल्या भेगा आणि वर असलेलं भूजल यांचा तपशीलवार अभ्यास झाल्याशिवाय इथे तसं करता येणार नाही. कार्बन पकडण्याचं आणि वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र आयआयटी मुंबईत आहे, आणि डिस्टिलऱ्या, सिमेंटच्या भट्ट्या आणि हा खडक एकाच राज्यात आहेत. पाण्याशिवाय सोडायचा तर वायू कोरडा, शुद्ध आणि उच्च दाबाचा लागतो, आणि फर्मेंटरमधून तो त्याच्या सगळ्यात जवळच्या अवस्थेत निघतो.